मासे नसलेल्या तळ्यावरची गळफेक

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये बायसन या अमेरिकी रानगव्यांसाठी राखलेले एक कुरण आहे. त्याच्या समोरच, उंच झाडांआड तीन उथळ तळी आहेत. काठावर उभे राहून लोक तासन्‌तास गळ टाकतात, पण मासा कुणालाच लागत नाही. कारण पाण्यात मासेच नाहीत आणि दोरीला काटाही नाही. टोकाला असतो लोकरीचा इवलासा गोंडा. पाण्यावर साधारण अडीच फूट रुंदीची कडी तरंगत असतात. गोंडा कड्याच्या आत अलगद उतरवायचा, एवढाच खेळ!

आमच्या कोकणात गरी टाकून मासे धरणारे पुष्कळ, पण मासा सोडून नुसता नेम धरणारी माणसे मी तिथेच पाहिली. या खेळाला कास्टिंग म्हणतात. त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1955 साली स्थापन झाला आणि जागतिक स्पर्धाही होतात. सगळ्या प्रकारांना तळे लागतेच असे नाही. एका प्रकारात हिरवळीवर वर्तुळे आखलेले कापड अंथरतात आणि त्यावर साडेसात ग्रॅम वजनाचा छोटा गोळा फेकतात. गोळा मधल्या काळ्या वर्तुळात पडला तर सर्वाधिक गुण, बाहेरच्या वर्तुळांना कमी कमी.

नकली माशीची फेक याहून अवघड. गोळ्याला वजन असते, तो आपल्यामागे दोरी ओढत नेतो. माशीला वजन नाहीच म्हणा. इथे वजन असते ते दोरीला. दोरी आधी पाठीमागे हवेत पूर्ण सरळ होऊ द्यायची, मगच पुढे आणायची. मधला तो क्षण थांबता आले नाही, तर दोरी गोळा होऊन आपल्याच पायाशी पडते. जोर काही कामाचा नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी फ्रीमाँटला भाईजानकडे गेले होते. अकरा वर्षांच्या भाचीला घेऊन आम्ही एका शनिवारी तळ्यावर गेलो. तिला दम्याचा त्रास आहे. शाळेत संघ निवडताना तिचे नाव शेवटी येते, म्हणून खेळाचे नाव काढले की ती भाभीच्या मागे लपते. एका वयस्कर गृहस्थांनी तिच्या हाती काठी दिली. वीस-पंचवीस वेळा दोरी पायाशी पडली. त्यांनी ना तिचा हात धरला, ना चूक मोजली. फक्त एवढेच म्हणाले, "मागे वळून बघ. दोरी सरळ झाली की मग पुढे आण." ती वळून बघू लागली. थोड्या वेळाने गोंडा कड्याच्या हातभर अलीकडे पडला. "फूफी, दिसलं का?" तिने विचारले. धाप लागलेली नव्हती. पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचे, हे तिने परतताना गाडीत स्वतःच ठरवून टाकले.

याच तळ्यांवर लहानपणी शिकलेला स्टीव्ह राजेफ पुढे डझनाहून अधिक वेळा जगज्जेता झाला. वडिलांबरोबर इथे येणारी मॅक्सीन मॅककॉर्मिक 2016 मध्ये एस्टोनियातल्या जागतिक स्पर्धेत महिलांच्या अचूकतेच्या प्रकारात पहिली आली, तेव्हा ती अवघी 12 वर्षांची होती. त्याही आधी, 1951 साली, जोन वुल्फ यांनी लांब पल्ल्याच्या फेकीत सगळ्या पुरुष स्पर्धकांना मागे टाकले होते.

ही तळी कुणा धनिकाने बांधलेली नाहीत. 1930 च्या दशकात अमेरिकेत भयंकर मंदी होती, लाखो हात रिकामे होते. सरकारने त्यांच्यासाठी सार्वजनिक कामे काढली. त्यांतून 1938 मध्ये ही तळी आणि शेजारचे लाकडी क्लबघर उभे राहिले. आजही तिथे तिकीट नाही. क्लबची जाणती मंडळी नवख्यांना फुकट शिकवतात. ज्यांनी ते सिमेंट कालवले, त्यांतल्या किती जणांनी नंतर तिथे काठी हातात घेतली असेल? पण त्यांच्या मजुरीवर पुढच्या पिढ्यांची मुले शिकली.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. उर्दूतला 'निशाना' म्हणजे फक्त लक्ष्य. मराठीतल्या 'नेम' शब्दाला मात्र दोन अर्थ आहेत: एक निशाणा, दुसरा रोज न चुकता पाळायचा नियम. त्या तळ्यावर हे दोन अर्थ मला एकत्र दिसले. रोजचा नेम असल्याशिवाय नेम लागत नाही. आणि रोजचा नेम धरायला मुलांना रोज उघडी असणारी, फुकट, सुरक्षित जागा लागते. शिवाय न रागावता शेजारी उभे राहणारे एखादे मोठे माणूस.

आपल्या मोहल्ल्यात तळे नसेल. पण एखादी गच्ची, शाळेचे रिकामे पटांगण, वाचनालयातला कोपरा तर असेल? सुट्टीच्या दिवशी त्याची चावी कुणाकडे असते, एवढे तरी आपण विचारायला हवे. दारामागे लपणारे एखादे मूल तिथे पहिल्यांदा पुढे येईल.