हिरवे पान छापलेली पिशवी



या अंकात आम्हाला एका चुकीची कबुली द्यायची आहे. त्या चुकीतून जे शिकलो, तेही सांगायचे आहे.

मागच्या स्नेहसंमेलनात खाऊ वाटण्यासाठी आम्ही 'बायोडिग्रेडेबल' असे छापलेल्या पिशव्या आणल्या. साध्या पिशवीपेक्षा महाग होत्या, पण विश्वस्तांनी आनंदाने पैसे मंजूर केले. पिशवीवर छान हिरवे पान होते. ते उंच धरून आम्ही व्यासपीठावरून सांगितले, "मुलांनो, ही पिशवी मातीत जाते." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी आठवीची एक मुलगी कार्यालयाच्या दाराशी येऊन म्हणाली, "सर, पुरून बघायची का?"

नाही कसे म्हणणार? पाण्याच्या टाकीमागे जिथे माती कायम ओली असते, तिथे मुलांनी खड्डा खणला. त्यात चार वस्तू पुरल्या: पिशवीचा तुकडा, जुना सुती रुमाल, एका पालकांनी मिलमधून आणून दिलेली पॉलिएस्टरची चिंधी आणि प्रयोगशाळेत मुलांनीच केलेली स्टार्चची चकती. ही चकती करणे सोपे आहे. कॉर्नफ्लोअर, पाणी, थोडे विनेगर आणि ग्लिसरीन एकत्र शिजवायचे, ताटलीत पातळ पसरायचे आणि दोन दिवस वाळू द्यायचे. प्लॅस्टिकसारखा पारदर्शक, वाकणारा पापुद्रा तयार होतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर खड्डा उघडला. चकतीचा मागमूस नव्हता. रुमालाचा फक्त शिवणीचा दोरा उरला होता, कारण दोरा पॉलिएस्टरचा होता. मिलची चिंधी धुऊन पुन्हा वापरावी अशी होती. आणि आमची पिशवी? माती झटकली तर हिरवे पान जसेच्या तसे. मुले काही बोलली नाहीत. सगळ्यांनी फक्त आमच्याकडे पाहिले. त्या पाहण्याने आम्हाला रात्री झोप लागली नाही.

मग आम्ही पुस्तके काढली. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातले. पॉलिमरला आम्ही 'बहुलक' म्हणून शिकलो, मराठी पुस्तकात 'बहुवारिक' असते. शब्द कोणताही घ्या, वस्तू एकच. लहान लहान रेणू एकमेकांचे हात धरून उभे राहतात आणि लांब साखळी होते. ती साखळी कशाने तुटते, यावर सगळा खेळ असतो.

ज्या पालकांनी चिंधी दिली, ते पांडेसरा जी.आय.डी.सी.मधल्या डाइंग मिलमध्ये कामाला आहेत. खड्ड्याची गोष्ट ऐकून ते म्हणाले, "सर, पॉलिएस्टर आम्ही रोज खातो की!" ते 'वेट रिडक्शन'बद्दल बोलत होते. पॉलिएस्टरचे कापड गरम कॉस्टिक सोड्यात चालवतात. धाग्याचा वरचा थर झिजतो, कापडाचे वजन घटते आणि ते रेशमासारखे मऊ पडते. आपल्या सुरतेच्या साड्यांची ती मऊ घडी अशी येते. रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर कॉस्टिक सोडा साखळीतला 'एस्टर' नावाचा सांधा तोडतो. तोडणे शक्य आहे, पण त्यासाठी कॉस्टिक आणि उष्णता लागते. मातीतल्या जिवाणूंना ते जमत नाही, कारण पॉलिएस्टरमध्ये टेरेफ्थॅलिक आम्लाची ताठ कडी असते आणि ती साखळ्या घट्ट रचून ठेवते.

आता गंमत पाहा. याच पॉलिएस्टरच्या साखळीत टेरेफ्थॅलिक आम्लाचा काही वाटा काढून त्या जागी अ‍ॅडिपिक आम्लाची लवचीक कडी बसवली, आणि दुसऱ्या बाजूला ब्यूटेनडायॉल घेतले, तर पीबीएटी नावाचे प्लॅस्टिक तयार होते. लवचीक कडीपाशी जिवाणूंच्या विकरांना तोंड घालता येते, ताठ कडीमुळे पिशवी फाटत नाही. खऱ्या कंपोस्टेबल पिशव्या पुष्कळदा याच प्लॅस्टिकमध्ये स्टार्च किंवा पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए, मिसळून करतात. म्हणजे आपल्या मिलमधल्या कापडाचेच हे एक भावंड, फक्त स्वभाव बदललेले.

पीएलएचेही तसेच. साखरेवर किंवा स्टार्चवर जिवाणू वाढवून लॅक्टिक आम्ल मिळते आणि त्याची साखळी केली की पीएलए होते. ते दिसायला काचेसारखे, पण ठिसूळ. साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, त्यात उकळता चहा ओतला तर पेला वाकतो. म्हणून शास्त्रज्ञ त्याच्या साखळीत कॅप्रोलॅक्टोनच्या मऊ कड्या गुंफतात, किंवा स्टार्चशी नीट जुळावे म्हणून त्यावर मॅलेइक अ‍ॅनहायड्राइडचे कलम करतात. आंब्याला कलम करतात तसेच हे, खोड तेच, गुण नवा. ग्लिसरीन टाकणे ही नुसती मिसळ. कलम म्हणजे रेणूशी बांधलेले नाते, ते धुऊन जात नाही.

आमची स्टार्चची चकती पाण्यात टाकताच लगदा होत होती. तेव्हा त्याच मुलीने विचारले होते, "सर, पाण्यात टिकेल आणि मातीत जाईल, असं दोन्ही कसं करायचं?" उत्तर असे आहे. स्टार्चच्या प्रत्येक ग्लुकोज कडीवर पाण्याला ओढणाऱ्या तीन जागा असतात. त्यांतल्या काही ॲसिटिल गटांनी झाकल्या की पाणी कमी शिरते. पण तिन्ही झाकत गेलो तर जिवाणूंनाही आत शिरायला वाट राहत नाही. पीबीएटीत ताठ कडीचा वाटा वाढवला तरी तेच, बळ वाढते आणि कुजणे मंदावते. एक गुण घालताना दुसरा किती द्यावा लागतो, हा हिशेब ज्याला जमला त्याला हे शास्त्र जमले.

मराठी माणसासाठी आनंदाची गोष्ट अशी की, हे काम आपल्या खंडोबाच्या जेजुरीतही चालते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे बायोपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला.

मग आमची पिशवी का कुजली नाही? एक तर ती नावापुरतीच 'बायो' असेल. किंवा खरी असेल, पण तिला हवा होता मोठ्या खतप्रकल्पाचा साधारण ५८ अंशांचा ओलसर ऊबदारपणा. मानकाची कसोटीही अशाच खतातली असते: १८० दिवसांत ९० टक्के कर्ब वायुरूप झाला पाहिजे. टाकीमागच्या मातीत ती ऊब कुठून येणार? 'कुजते' हे वाक्य अर्धे आहे. कुठे आणि किती दिवसांत, हे विचारल्याशिवाय ते पुरे होत नाही. आम्ही विचारले नाही, ही आमची चूक.

३१ डिसेंबर २०२२ पासून देशात १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक पिशव्यांना बंदी आहे. कंपोस्टेबल पिशव्यांना जाडीची ही अट नाही, पण त्यांच्या उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र असावे लागते. आमच्या पिशवीवर पान होते, प्रमाणपत्राचा क्रमांक नव्हता. आम्ही पान पाहिले, क्रमांक शोधला नाही.

विश्वस्त मंडळींनो, त्या पैशांबद्दल आम्ही आपली माफी मागतो. मुलांनो, व्यासपीठावरून न तपासलेली गोष्ट खरी म्हणून सांगितली, त्याबद्दल तुमची माफी त्याहून मोठी आहे. उरलेल्या पिशव्या कपाटात ठेवल्या आहेत, त्या विज्ञानाच्या तासाला दाखवू. येत्या स्नेहसंमेलनात खाऊ सुती पिशवीतून मिळेल. पालकांनी जुनी सुती कापडे पाठवावीत, शिवणकामाच्या तासाला मुले पिशव्या शिवतील. दोरा मात्र सुतीच घेऊ.

आणि खड्डा आम्ही पुन्हा बुजवला आहे, पिशवीसकट. पुढच्या दिवाळीनंतर तो उघडताना आम्हाला बोलवायचे काम त्या मुलीवर सोपवले आहे.

आपले,
मुख्याध्यापक