दहीहंडी आणि मानेचा मणका

दहीहंडी जवळ आली की ओरोसमधली गोविंदा पथकातली मुलं मला विचारतात, "डॉक्टरांनू, हेल्मेट घातला की झाला मां?"

नाही. हेल्मेट डोकं वाचवतं, मान नाही. मानेतल्या मज्जारज्जूला गंभीर इजा झाली तर हातपाय कायमचे लुळे पडू शकतात.

2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थरांची उंची 20 फुटांवर आणली. 2017 मध्ये ती मर्यादा उठली. 14 वर्षांखालच्या मुलांवरची बंदी राहिली. 2022 मध्ये सरकारने मृत गोविंदाच्या वारसांना 10 लाखांची मदत जाहीर केली. पण पैशाने मज्जारज्जू जुळत नाही.

हा खेळ टिकायला हवा, म्हणूनच सांगतो : थर कमी लावा. कुणी पडलाच तर हातापायांना धरून उचलू नका. मान हलू न देता 108 ला फोन करा.