नागीण

भाऊ ट्रकवर होता. 2009 साली त्याच्या कमरेला नागीण उठली. मग जुलाब, तोंडात पांढरा थर, अंग नुस्तं वाळलेलं. वस्तीजवळच्या डॉक्टरनं वर्षभर सलाईन लावली; एचआयव्हीची तपासणी एकदाही सांगितली नाही. आय म्हणायची, करणी झालीय.

आणि मी? चळवळीत भाषणं ठोकत होतो, घरात मात्र गप्प. लाज मलाही वाटत होतीच.

टीबी निघाला तेव्हा कुठं तपासणी झाली. फार उशीर झाला होता. औषध तर 2004 पासून सरकार फुकट देत होतं!

मित्रांनो, अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरला विचारा, एचआयव्ही तपासली का? सरकारी केंद्रात पैसे पडत नाहीत. संमती घ्यावी लागते, निकाल गुप्त ठेवावा लागतो. 2017 चा कायदाच तसा आहे.

लाज तेवढी आपली आपण टाकायची.