दोन खेपा

उन्हाळ्यात मुलांकडे कॅनडा-अमेरिकेस जाणारी ज्येष्ठ मंडळी निघण्यापूर्वी माझ्या दवाखान्यात येतात. रक्तदाब, साखर, विम्याचे कागद, सहा महिन्यांच्या गोळ्या, सगळ्याची चौकशी होते. ‘तिकडे पाठीवर काही वाहून न्यावे लागेल का?’ हा प्रश्न मात्र तीन वर्षांपूर्वीपर्यंत मीही कुणाला विचारत नव्हते. आता विचारते. त्यामागे माझी एक चूक आहे.

माझा थोरला भाऊ गेली पस्तीस वर्षे टोरांटोजवळ राहतो. तेव्हा त्याचे वय ६७ होते आणि अँजिओप्लास्टीला चार वर्षे झाली होती. मी गेले त्या ऑगस्टमध्ये भाच्याने आम्हा सर्वांना अल्गाँक्विन पार्कला नेण्याचा बेत केला. ऑन्टारिओ प्रांतातील हे अरण्य १८९३ साली राखीव झाले; विस्तार सुमारे ७,६०० चौरस किलोमीटर, आणि आत तळ्यांमागून तळी. तेथे फिरायचे ते कनूतून, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळत्या, वल्ह्याने चालवायच्या हलक्या होडीतून. एक तळे संपले की होडी बाहेर काढून डोक्यावर पालथी घ्यायची, सामान पाठीवर टाकायचे आणि रानवाटेने पुढचे तळे गाठायचे. यालाच पोर्टेज म्हणतात; शब्द फ्रेंच, अर्थ ‘वाहून नेणे’. वाटेच्या तोंडाशी पिवळ्या पाटीवर अंतर मीटरांत लिहिलेले असते.

आदल्या रात्री दादा रंगात आला होता. कातड्यांच्या व्यापाराच्या काळातील फ्रेंच नावाडी चाळीस-चाळीस किलोंचे दोन गठ्ठे एका खेपेत नेत, तेही डोक्यावरून घेतलेल्या पट्ट्याच्या आधाराने, असे तो सांगत होता. त्या लोकांना अंतर्गळ फार होई, हे मी सांगायला हवे होते. सांगितले नाही. त्याने नवी पाठपिशवी आणली होती: पंच्याऐंशी लिटरची, उंच, आत धातूची चौकट असलेली. भरल्यावर काट्यावर ठेवली तेव्हा चोवीस किलो भरली. दादाचे वजन चौसष्ट. “एकाच खेपेत सगळं नेतो,” तो म्हणाला. मी डॉक्टर असून गप्प राहिले. थोरल्या भावाचा उत्साह मोडवेना.

दुसऱ्या तळ्याकडे जाणारी वाट आठशे मीटरांची, मुळांनी आणि दगडांनी भरलेली. निम्म्या वाटेवर दादा थांबला. “डावा हात बधिर झालाय गं,” तो हळूच म्हणाला, वहिनीला ऐकू जाऊ नये अशा बेताने. करंगळीपासून कोपरापर्यंत मुंग्या येत होत्या. फोनला रेंज नव्हती.

पिशवी उतरवून त्याला झाडाला टेकवून बसवले. नाडी जलद होती, घामही होता. पण तो चढाचा की हृदयाचा, हे रानात कोण सांगणार? अशा वेळी हृदयच धरून चालायचे. ॲस्पिरिन चघळायला दिली. जिभेखाली ठेवायची गोळी मात्र पिशवीच्या तळाशी होती. ती शोधण्यात गेलेली मिनिटे मी अजून विसरलेले नाही. सामान तिथेच सोडून, त्याला होडीच्या मध्यभागी बसवून आम्ही परत वल्ही मारली.

रुग्णालयात दोनदा ईसीजी झाला, काही तासांच्या अंतराने रक्तही दोनदा तपासले. सगळे ठीक निघाले. मग तेथील डॉक्टरांनी दादाच्या डाव्या गळपट्टीच्या हाडावर, जिथे पट्ट्याचा लाल वळ उमटला होता, तिथे अंगठा दाबला आणि मुंग्या परत आल्या. मानेतून हातात उतरणाऱ्या नसांचे जाळे पट्ट्याखाली दबले होते.

पुढच्या वर्षी हृदयरोगतज्ज्ञांची ट्रेडमिल चाचणी आणि परवानगी झाल्यावर आम्ही पुन्हा ठरवले. या वेळी आधी दुकानात गेलो. तेथील बाईंनी दादाची उंची विचारली नाही, पाठ मोजली. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जे हाड वर येते तिथपासून, कमरेवर हात ठेवल्यावर दोन्ही अंगठे पाठीवर जिथे येतात त्या रेषेपर्यंत. दादा उंच आहे, पण त्याची लांबी पायांत आहे, पाठ आखूड. जुन्या पिशवीचा कमरपट्टा म्हणूनच नितंबाच्या हाडाच्या खाली लोंबत होता आणि सारा भार खांद्यांवर येत होता. कमरपट्टा हाडाच्या कडेवर बसला, तरच वजन कमरेतून पायांत उतरते.

शिवाय चौकटीची उंच पिशवी होडीत नीट मावत नाही, आणि उभी ठेवली तर होडीचा तोल वर सरकतो. होडीसाठी पिशवी बसकी, रुंद, आडवी पडणारी हवी. अमेरिकेतील डुलुथ गावच्या कॅमिल पॉइरिए यांनी १८८२ साली अशाच कॅनव्हासच्या पिशवीचे पेटंट घेतले. तो घाट आजही विकला जातो. आम्ही तोंड गुंडाळून बंद करायच्या दोन जलरोधक पिशव्या घेतल्या. खाण्यासाठी खांद्यावर घ्यायचे प्लॅस्टिकचे पिंप घेतले. तेही साठऐवजी तीस लिटरचे, कारण जागा असली की ती भरतेच.

आता मी रुग्णांना सांगते ते असे. साठीनंतर आरंभी शरीराच्या वजनाच्या दशांशाहून अधिक पाठीवर घेऊ नये. हाडे ठिसूळ असतील तर वाकून जमिनीवरून ओझे उचलूच नये. मणका दबू शकतो. पिशवी दगडावर वा ओंडक्यावर ठेवावी, बसून पट्टे चढवावेत आणि कुणाच्या हाताचा आधार घेऊन उठावे. चालताना बोलता येत नसेल तर थांबावे. जिभेखालची गोळी खिशात असावी आणि ती कुठे आहे हे बरोबरच्यांना ठाऊक असावे. पाण्यात पाय ठेवण्यापूर्वी कमरेचे व छातीचे पट्टे सोडावेत, म्हणजे पडलो तरी ओझे आपल्याला खाली धरून ठेवणार नाही. होडीत जीवरक्षक जाकीट प्रत्येकाने घालावे. आणि घरच्यांनी पिशवी काट्यावर ठेवून आकडा मोठ्याने वाचावा. माझ्यासारखे गप्प राहू नये.

दुसऱ्या वर्षी तीच वाट, तेच आठशे मीटर. दादाने सहा किलोची पिशवी पलीकडे नेऊन ठेवली आणि दुसरी आणायला रिकाम्या हातांनी परत फिरला. मी त्याच्याबरोबर होते. अर्ध्या वाटेवर, गेल्या वर्षी जिथे बसलो होतो त्या झाडाशी, तो थांबला. माझ्या छातीत धस्स झाले. पण तो कान देऊन ऐकत होता. तळ्यावरून लून पक्ष्याची लांब हाक येत होती.

“मागच्या वेळी ही वाट मी पाहिलीच नव्हती गं,” तो म्हणाला. “नुसती जमीन दिसत होती.”

मग आम्ही दुसरी खेप आणायला गेलो.