शिमग्याला राजापूरला जाताना

"शिमग्याला कोकणात? अगं, लोक गणपतीला जातात!" आमच्या डोंबिवलीच्या शेजारणी दरवर्षी हे म्हणतात आणि मला दरवर्षी हसू येतं. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. मोदकांच्या उकडीतून मान वर काढायला फुरसत नसते, मग सण पाहायचा कधी आणि कोणी? शिमग्यात मात्र देवच आपल्या दारी येतो. आपण दार उघडून उभं राहायचं, एवढंच काम. पण ते किती मोठं काम आहे, हे मला यंदा कळलं.

आमचं सासर राजापूर तालुक्यातलं. राजापूर म्हटलं की कुणाला राजापुरी पंचा आठवतो, तर कुणाला इतिहासाच्या पुस्तकातली इंग्रजांची वखार. शिवाजीमहाराजांनी १६६१ साली तिला दणका दिला होता. तेव्हा खाडीतून गलबतं थेट गावापर्यंत येत. आता खाडी गाळानं भरली आहे. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या पावसाळ्यात बाजारपेठेत शिरतात आणि दुकानदारांची झोप उडवतात. फाल्गुनात मात्र त्याच नद्या अगदी शहाण्या मुलींसारख्या वागतात. हवा अजून फारशी तापलेली नसते, आंब्याला कैऱ्या लागलेल्या असतात आणि ओल्या काजूगरांच्या उसळीचे हेच दिवस. काजू सोलताना हाताला तेल मात्र चोळा, नाहीतर चिकानं बोटांची सालं निघतात. पहिल्या वर्षी मी हौसेनं सोलायला बसले आणि आठ दिवस हात लपवत फिरले.

जाणाऱ्यांनी आधी एक गोष्ट नीट विचारून घ्यावी. इकडे शिमगा सगळीकडे एकाच दिवशी नसतो. काही गावांचा 'तेरसा' शिमगा, म्हणजे होम त्रयोदशीला. काहींचा 'भद्रेचा', तो पौर्णिमेचा. लग्नानंतर पहिल्यांदा मी ह्यांच्या मावशींच्या गावी पौर्णिमेला नटूनथटून पोचले, तर होमाची राखसुद्धा थंड झाली होती! मावशी म्हणाल्या, "सूनबाई, आता पालखीच बघ." तेच बरं झालं म्हणायचं.

कारण पालखी हाच इथला खरा सण. देवळात देवाची चांदीची रूपं पालखीत बसवतात. 'रूपं लागली' म्हणतात त्याला. मग ढोल-सनईच्या गजरात पालखी निघते. रानातून आणलेलं होळीचं झाड पुरुषमंडळी खांद्यावर नाचवत आणून उभं करतात, होम पेटतो. त्या वेळी ज्या आरोळ्या कानांवर पडतात, त्या बायकांनी कानाआड करायच्या, अशी पूर्वापार पद्धत. (सगळ्याजणी नीट ऐकतात, हे मी सांगितलं म्हणून सांगू नका.) मग पालखी सहाणेवर बसते आणि तिथून घरोघर निघते. कुठे पाच दिवस, कुठे पंधरा. दोघे-चौघे तिला खांद्यावर घेऊन अशी काही नाचवतात की वरचा नारळ पडेल म्हणून आपलाच जीव वर-खाली होतो. काही गावांत पालखी 'खूण काढते'. कुणीतरी जमिनीत नारळ पुरून ठेवायचा आणि पालखीनं तो शोधायचा. मी दोनदा पाहिलं आहे. खांदेकरी ओढले जातात की ओढतात, यावर आमच्या ह्यांचं आणि माझं अजून एकमत नाही.

आमच्या वाडीत अकरा घरं. मी सून होऊन आले तेव्हा पालखी संध्याकाळी वाडीत शिरली की अकरावं घर करून निघेपर्यंत तांबडं फुटायचं. प्रत्येक खळ्यात शेणाचा सडा, रांगोळी, पाटावर कलश. गाऱ्हाणं घालणारा एकेका माणसाचं नाव घेऊन मागणं मागायचा. मुंबईच्या नातवाच्या दहावीपासून म्हशीच्या दुधापर्यंत. आणि सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणून हुंकार भरायचे. यंदा अकरांपैकी सहा घरांना कुलूप होतं. बंद घराच्या खळ्यात पालखी क्षणभर थांबली, ढोल वाजला आणि पुढे निघाली.

आमचं घर उघडं आहे ते थोरल्या जाऊबाईंमुळे. वय पंचाहत्तर, दोन्ही गुडघे धरलेले. भाऊजी जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा विरारला असतो, "आई, आता पुरे, चल इकडे" म्हणून मागे लागलेला. त्या दरवर्षी म्हणतात, "एवढा शिमगा होऊ दे." आणि दर माघात त्यांचा मला फोन येतो, "येशील ना गो?"

त्या फोनचा अर्थ कळायला मला उशीर लागला. मी समजत होते, त्यांना सोबत हवी. खरं कारण वेगळंच. पालखी दारात आली की घरच्या बाईनं देवीची ओटी भरायची, आणि भाऊजी गेल्यापासून जाऊबाईंनी सुपाला हात लावला नव्हता. सगळं त्याच करत. तांदूळ निवडून, खण आणून, नारळ सोलून, हळकुंड-सुपारी मांडून सूप माझ्या हातात देत आणि स्वतः पडवीच्या खांबाआड उभ्या राहत. गेल्या वर्षी माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे आम्हांला जाता आलं नाही. तेव्हा शेजारची सून येऊन ओटी भरून गेली. म्हणजे वर्षभर घर उघडं ठेवलं त्यांनी, आणि देवीपुढे उभी राहिली शेजारीण!

यंदा सूप माझ्या हाती आलं तेव्हा पालखी खळ्यात टेकली होती. मी सूप तसंच त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, "तुम्ही भरा." त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. आधी माझ्याकडे, मग मानकऱ्यांकडे पाहिलं. ढोल थांबलेला. खोटं कशाला सांगू, मलाही धाकधूक वाटली. चारचौघांत कुणी काही बोललं तर त्या म्हातारीचा सणाच्या दिवशी अपमान मीच केल्यासारखं व्हायचं. पांढऱ्या मिश्यांच्या मानकऱ्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "काकी, भरा बघू लवकर, अजून चार घरं हायत."

बस्स, एवढंच. जाऊबाईंनी ओटी भरली. हात थरथरत होते, थोडे तांदूळ खाली सांडले. गाऱ्हाण्यात त्यांचं नाव पहिलं घेतलं गेलं. नंतर आत येऊन त्या चुलीपाशी बसल्या आणि मला म्हणाल्या, "पुरणात जायफळ जास्त झालंय हां तुझ्या." मी म्हटलं, झालं असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन आम्ही उन्हाळ्याला गेलो. ऋतू नव्हे, गावाचं नाव. राजापूरपासून तीन-चार किलोमीटरवर गरम पाण्याचा झरा आहे, तो बारमाही वाहतो. गुडघ्यांना त्या पाण्याचा शेक फार मानवतो. तिथूनच वर गंगेचं ठिकाण. फरसबंद आवारात चौदा कुंडं, वडाखाली मूळगंगा. साधारण तीन वर्षांनी इथे एकाएकी पाणी येतं, दोन-तीन महिने राहतं आणि आलं तसं नाहीसं होतं. जवळजवळच्या कुंडांतलं पाणीही एक कोमट तर एक गार! जमिनीखाली नैसर्गिक वक्रनलिका असावी, असं जाणकार सांगतात. लोक म्हणतात, पंढरीची वारी न झेपणाऱ्या म्हाताऱ्या गंगाजी साळुंखे या शेतकऱ्यासाठी गंगाच त्याच्या शेतात आली. अलीकडे तिचं वेळापत्रक बिघडलं आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये ती आली तेव्हा टाळेबंदी होती आणि यात्रेला कुणालाच जाता आलं नाही. आम्ही गेलो तेव्हा कुंडं कोरडी होती. तरी जाऊबाईंनी काशीकुंडाच्या पायरीवर फूल ठेवलंच. रीत अशी, की उन्हाळ्याचं स्नान, मग गंगेचं, आणि मग मृडानी नदीकाठी धूतपापेश्वराचं दर्शन. गंगा आली आहे की नाही, हे निघण्यापूर्वी गावात कुणाला तरी विचारून घ्यावं.

जाणाऱ्यांसाठी थोडं आणखी. कोकण रेल्वेचं राजापूर रोड स्टेशन गावापासून चांगलं लांब आहे, तेव्हा पुढच्या वाहनाची सोय आधी करा, नाहीतर सरळ एस.टी.नं जा. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी खुलं होतं आणि शिमग्याची तिकिटं बघता बघता संपतात. ओळखीच्या घरी उतरणार असाल तर मिठाईच्या खोक्याऐवजी एक खण आणि नारळ न्या. सहाणेवर चपला घालून चढू नका. आणि पालखी दारात असताना मोबाइल पुढे करण्याआधी घरच्या बाईला विचारा. हल्ली पाहुणे तिच्या आणि देवीच्या मध्येच उभे राहतात!

जाऊबाई पावसाळ्याआधी विरारला येणार, असं ठरलं आहे. या खेपेला त्या 'एवढा शिमगा होऊ दे' म्हणाल्या नाहीत. घराची किल्ली मात्र त्यांनी मुलाकडे न देता माझ्याकडे दिली. परत आल्यावर मी पुढच्या होळीची तारीख पाहिली, साठ दिवस मागे मोजले आणि पंचांगावर खूण केली. तीन तिकिटं काढायची आहेत, त्यातलं एक खालच्या बर्थचं.