नुसती काच गेलीय

आपल्याकडे वस्तू बिघडली रे बिघडली की आपण थेट तिचं दहावंच घालतो. मिक्सरचं भांडं गळायला लागलं, "मिक्सर गेला". फोनची काच तडकली, "फोन गेला". माणसासाठी वापरायचा शब्द आपण किती पटकन यंत्राला लावून टाकतो! आणि गंमत अशी, की गेलेल्या वस्तूच्या पोटात बहुतेक सगळं ठणठणीत असतं.

माझ्या भाचीचा लॅपटॉप असाच 'गेला'. अकरा इंचांचा, वहीपेक्षा जरासा मोठा. २०२० साली शाळा-कॉलेजं बंद झाली आणि सगळे तास फोनवर यायला लागले, तेव्हा दादाने भाताचे पैसे हातात आल्याबरोबर तिला घेऊन दिलेला. दादाचं घर वेल्ह्याच्या अलीकडे, आतल्या एका वाडीत. तोरणा अंगणातून दिसतो. पावसाळ्यात मात्र चार महिने तो आहे असं मानून चालायचं. पोरगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. रोज एसटीने कॉलेजला जाते. एक दिवस गाडीत उभ्याउभ्याने येताना गर्दीत सॅक कठड्यावर दाबली गेली. घरी येऊन झाकण उघडलं, तर पडद्यावर शाईची दौत सांडल्यासारखा काळा डाग आणि त्यातून निघालेल्या रंगीबेरंगी उभ्या रेघा.

फोनवर ती रडली नाही. नुसतं म्हणाली, "आत्या, लॅपटॉप गेला." मागून दादाचा आवाज ऐकू आला, "वर्षच राहिलंय आता, भागव की फोनवर. पुढच्या वर्षी कुठे लागणारे?"

हे शेवटचं वाक्य मला काचेपेक्षा जास्त टोचलं. दादा वाईट नाही हो. पोरीच्या शिक्षणासाठी त्याने जे केलं ते आमच्या पिढीत कुणी आमच्यासाठी केलं नव्हतं. पण 'पुढच्या वर्षी कुठे लागणारे' यात पुढचं शिक्षण नाही हे न बोलता ठरून गेलं होतं, आणि त्या ठरण्याला एका काचेचं निमित्त मिळालं होतं. साठ पानांचा प्रकल्प अहवाल पोरगी फोनवर अंगठ्याने कशी टाइप करणार, हा प्रश्न तर वेगळाच.

शहरातल्या एका दुकानात चौकशी केली. आठ हजार रुपये, आठ दिवस मशीन ठेवावं लागेल, आतल्या माहितीची जबाबदारी आमची नाही. वर सल्ला, "यात पैसे घालण्यापेक्षा नवा घ्या." पुण्यात राहणाऱ्याला 'ठेवून जा, मग घेऊन जा' यात काही वाटत नाही. वाडीतल्या माणसाला त्याचा अर्थ असा, की एसटी धरून वेल्हे, मार्गासनी, नसरापूर, चेलाडी फाटा, मग हायवेने स्वारगेट, तसंच परत, आणि हे सगळं दोनदा. दादाचे दोन खाडे झाले. जिल्हा पुणेच, पण पुणं लांब. २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली. नावात गड आला, अंतर तेवढंच राहिलं!

म्हणून म्हटलं, आधी नक्की काय गेलंय ते तरी बघू. दादाकडे टीव्ही आहे. सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल काढून भाचीला लॅपटॉपला लावायला सांगितली. विंडोजची खूण असलेली कळ दाबून धरून 'पी' दाबायचं, म्हणजे चित्र कुठे दाखवायचं ते विचारतो. दोन मिनिटांनी फोनवर किंकाळी, "आत्या, टीव्हीवर सगळं दिसतंय!" म्हणजे डोकं शाबूत, आठवण शाबूत, नुसता चेहरा फुटलेला. ही तपासणी फुकट आहे आणि कुणीही करावी. टीव्हीवरही चित्र आलं नाही तर मात्र दुखणं आतलं असू शकतं, मग पडद्यात पैसे घालण्याआधी जाणत्याला दाखवावं. आणि काच न फुटता पडदा नुसताच काळा झाला असेल, तर अंधारात बॅटरीचा झोत तिरपा टाकून बघावं. पुसट चित्र दिसलं तर पडद्यामागचा उजेड किंवा वायर गेलेली असते, काच नाही.

पुढचे दहा दिवस अहवाल टीव्हीवर लिहिला गेला. वहिनीने संध्याकाळच्या दोन मालिका सोडल्या. हा त्याग इतिहासात नोंदवला गेला पाहिजे म्हणून इथे नोंदवते.

रविवारी मी भोरहून गेले. कामाची विभागणी पहिल्यापासून स्पष्ट होती. उघडायचं तिने, बॅटरी धरायची मी. चार्जर काढून लॅपटॉप पूर्ण बंद केला. खालच्या झाकणाचे स्क्रू काढून आतल्या बॅटरीची वायर सोडवून ठेवली. प्रत्येक स्क्रू कुठला हे कळावं म्हणून वहिनीचा मिसळणाचा डबा रिकामा करून घेतला. हळदीच्या वाटीत खालचे, मोहरीच्या वाटीत चौकटीचे, जिऱ्याच्या वाटीत पडद्याचे. पडद्याभोवतीची प्लॅस्टिकची चौकट निव्वळ चापांवर बसलेली असते. कोपऱ्यातल्या रबरी गोळ्यांखाली एखादा स्क्रू लपलेला असतो, तेवढा काढायचा. मग जुनं सिमकार्ड फटीत सरकवत नेलं की टिच टिच करत ती सुटते. पडदा चार स्क्रूंवर होता. ते काढून तो कीबोर्डवर, खाली पंचा घालून, अलगद पालथा केला. पाठीवर पांढरं लेबल!

त्या लेबलवरचा आकडा म्हणजे सगळी मेख. बाहेर लॅपटॉपवर कुठल्याही कंपनीचं नाव असो, आतला पडदा बहुतेकदा पडदे बनवणाऱ्या तिसऱ्याच कारखान्याचा असतो. त्याच्या क्रमांकात ११६ असेल तर ११.६ इंच, १४० असेल तर १४, १५६ असेल तर १५.६. पडदा मागवताना लॅपटॉपचं नाव सांगण्यापेक्षा हा पूर्ण क्रमांक जुळवायचा. शिवाय वायर बसते तिथे किती पिना आहेत (आमच्याकडे ३०), स्क्रूचे कान कुठे आहेत आणि काच चकचकीत आहे की मंद, हेही बघायचं. हे जुळलं की पुण्यातली तपकीर गल्ली असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, नाहीतर घरबसल्या मागवणं असो, माल एकच. आम्हाला तो तीन हजार दोनशेला मिळाला. कुरिअर वाडीत जात नाही, म्हणून पत्ता माझ्या भोरच्या घरचा.

पुढच्या रविवारी दुसरा अंक. पाऊस मुसळधार, वीज गेलेली, म्हणून दारात पाट टाकून बसलो. जुन्या पडद्याची वायर चिकटपट्टीने धरलेली होती. पट्टी सोलली आणि वायरचं टोक वर न उचलता पडद्याला समांतर ओढलं, आलं बाहेर. नवा पडदा लावला, पट्टी परत चिकटवली. चौकट लावायच्या आधीच बॅटरी जोडून सुरू करून बघितलं, कारण नाही चाललं तर परत सगळं उस्तरायला नको. एक क्षण अंधार... आणि मग उजेड. पोरीने श्वास रोखला होता हे तिने सोडल्यावर मला कळलं.

यावरून मला आपल्याच राज्यातली एक गोष्ट आठवते. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या छोट्याशा शाळेत मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे लॅपटॉप दिले होते. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचा तो भारतातला पहिला प्रयोग. साडेसात इंचांचा पडदा, तोही उन्हात वाचता येईल असा. पण मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याच्या मुठीत जादा स्क्रू ठेवलेले असायचे! हे मशीन दुकानापासून लांब राहणाऱ्या मुलांच्या हातात जाणार, ते उघडलं जाणार, आणि उघडताना एखादा स्क्रू हरवणार, हे बनवणाऱ्याने आधीच धरून चाललेलं. पुढे तो प्रकल्प जगभर अपेक्षेइतका चालला नाही, ही गोष्ट वेगळी. पण त्या जादा स्क्रूंमागचा विचार मला अजून मोलाचा वाटतो.

आता वारं उलटं आहे. काचा चिकटवलेल्या, बॅटऱ्या चिकटवलेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीची माहिती, सुटे भाग, वॉरंटी हे कंपन्यांनी ग्राहकांसमोर एका जागी ठेवावं ही कल्पना. त्यात फोन आणि गाड्यांबरोबर शेतीची यंत्रंही आहेत, हे वाचून दादाचे कान टवकारले.

सगळंच घरी उघडावं असं माझं म्हणणं नाही. वॉरंटी चालू असेल तर हात लावू नये. टचस्क्रीनची काच पडद्याला चिकटवलेली असेल तर काम किचकट होतं. फार जुन्या छोट्या लॅपटॉपमध्ये पडद्यामागे बारीक ट्यूब असते, तिला जास्त व्होल्टेज देणारी पट्टी असते, तिथे जपून. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर झाकण न उघडता सरळ जाणत्याकडे. फुटलेला पडदाही उकिरड्यावर टाकायचा नाही. आमचा मी वर्तमानपत्रात गुंडाळून आणला आणि ई-कचऱ्यात दिला.

आमच्या भागात सांगतात, महाराजांनी तोरणा घेतल्यावर गडाची डागडुजी करताना धन सापडलं आणि त्यातून राजगड उभा राहिला. लहानपणी त्यातलं धन तेवढं लक्षात राहिलं होतं. आता त्या गोष्टीतली डागडुजी जास्त आवडते.

लॅपटॉपचा एक कोपरा जरासा फटीत आहे, कारण तिथला चाप त्या गर्दीतच मोडला होता. अहवाल वेळेत गेला. भाची एम.एस्सी.च्या प्रवेशाची माहिती त्याच पडद्यावर वाचते आहे. अजून काही ठरलेलं नाही, दादा त्याबद्दल हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. पण 'पुढच्या वर्षी कुठे लागणारे' हे वाक्य त्यानंतर घरात निघालेलं नाही. परवा तर शेजाऱ्यांना सांगत होता म्हणे, "गेला नव्हता हो, नुसती काच गेली होती. पोरीनेच बसवली."