राजीनाम्यानंतरचा माहितीपट

डच माहितीपटकार योरिस ईवेन्स (१८९८–१९८९) याचा कॅमेरा बेल्जियमच्या कोळसा खाणींत, यादवी युद्धातील स्पेनमध्ये आणि जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये फिरला. मला मात्र या दीर्घ कारकिर्दीतील निर्णायक क्षण १९४५ च्या सिडनीत दिसतो.

डच ईस्ट इंडीजच्या सरकारने त्याला चित्रपट आयुक्त नेमले होते. ऑगस्टमध्ये इंडोनेशियाने स्वातंत्र्य घोषित केले. हॉलंडला मात्र वसाहत परत हवी होती. नोव्हेंबरमध्ये ईवेन्सने राजीनामा दिला.

तेव्हा सिडनीच्या गोदीतील कामगारांनी डच जहाजांवर बहिष्कार घातला होता, आणि त्यात भारतीय खलाशीही उतरले होते. त्यावर ईवेन्सने केलेला ‘इंडोनेशिया कॉलिंग’ (१९४६) हा माहितीपट जेमतेम २२ मिनिटांचा आहे. त्यातील काही प्रसंग घडून गेल्यावर पुन्हा उभे करून चित्रित केलेले आहेत.

मग त्याला इतिहासाचे साधन मानावे का? मी मानतो, मात्र कशाचे, हे आधी ठरवावे लागते. त्या दिवशी नेमके काय घडले, यासाठी ते दुय्यम साधन आहे. पण तो लढा जगापुढे कोणत्या रूपात मांडला गेला, यासाठी ते अव्वल दर्जाचे आहे.

डच सरकारने पुढे पासपोर्टवरून त्याची वर्षानुवर्षे अडवणूक केली. अखेर १९८५ मध्ये एका डच मंत्र्याने त्याला सन्मानित केले. स्वतः हॉलंडने इंडोनेशियाचे स्वातंत्र्य मान्य केल्याला तेव्हा ३५ वर्षे उलटून गेली होती.